जलमग्न गुहेतील संघशिस्त व विहिरीतील उतरण : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयप्रवेश

पाण्याने भरलेल्या गुहेत शिरणाऱ्या पाणबुड्यांनी आपापली स्थाने कशी राखावी, हा विषय ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील वाचकास प्रथमदर्शनी फार दूरचा वाटेल. शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत अशा गुहा नाहीत, आणि त्या नसण्याचे कारण येथील भूस्तराच्या घडणीतच आहे. लांबलचक जलमग्न गुहा मुख्यत्वे चुनखडीच्या प्रदेशात आढळतात. हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळून त्यास किंचित आम्लता येते. असे पाणी भेगांतून झिरपत असता चुनखडी विरघळवीत जाते आणि हजारो वर्षांत भेगेचे भुयार होते. आपला प्रदेश मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून झालेल्या लाव्ह्याचा, म्हणजे काळ्या बेसाल्ट पाषाणाचा आहे. हा पाषाण झिजतो, भेगाळतो, त्याचा मुरूम होतो. परंतु चुनखडीप्रमाणे तो विरघळून पोकळ होत नाही. मुरबाड तालुक्याच्या सीमेवर नाणेघाटाच्या माथ्याशी असलेले सातवाहनकालीन लेणे किंवा तेथील पाण्याची टाकी ही मानवाने छिन्नीने खोदलेली आहेत, निसर्गाने नव्हे.

असे असूनही या विषयाचा परामर्श येथे घेण्याचे प्रयोजन आहे. गुहेतील पाणबुडा ज्या परिस्थितीत सापडतो, तिच्याशी अत्यंत निकटचे साम्य असलेली एक परिस्थिती या दोन तालुक्यांच्या गावोगावी दर उन्हाळ्यात उद्भवते. ती म्हणजे गाळ काढण्यासाठी, खोली वाढविण्यासाठी, अडकलेला पंप सोडविण्यासाठी अथवा पडलेले जनावर वर काढण्यासाठी माणसाने विहिरीत उतरणे. पाणबुड्यांनी अनेक सहकाऱ्यांचे प्राण गमावून काही थोडे नियम सिद्ध केले. ते नियम विहिरीच्या काठावर कितपत लागू पडतात, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. माथ्यावर छत असलेली जागा

खुल्या समुद्रात बुडी मारणाऱ्या मनुष्यावर संकट आले, तर निदान तत्त्वतः त्यास एक मार्ग नेहमी मोकळा असतो, तो म्हणजे सरळ वर जाण्याचा. गुहेत हा मार्ग बंद असतो. माथ्यावर खडक असतो आणि बाहेर पडण्याची वाट ही आत येण्याचीच वाट असते. आत जितके अंतर गेले तितकेच अंतर परत कापल्यावाचून श्वास घेण्याजोगी हवा मिळत नाही. या एका भेदातून गुहेतील पाणबुडीचे संपूर्ण शास्त्र निर्माण झाले आहे.

त्यात आणखी दोन अडचणींची भर पडते. पहिली दृष्टीची. गुहेत सूर्यप्रकाश नसतो; विजेरीच्या उजेडात पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असले, तरी तळाशी बारीक गाळ साचलेला असतो आणि पायाच्या एका चुकीच्या फटकाऱ्याने तो उसळून पसरला की स्वतःचा हातही दिसत नाही. दुसरी अडचण मनाची. परतीची वाट हरवली आहे, अशी नुसती शंका आली तरी श्वास जलद होतो, हवा अधिक खर्च होते, आणि हवा कमी झाल्याचे पाहून श्वास आणखी जलद होतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले म्हणजे बलवान व पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही.

फ्लॉरिडातील शेक एक्सली या पाणबुड्याने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पुस्तिकेत पूर्वीच्या प्राणघातक अपघातांची कारणे एकेक करून तपासली. त्याच्या विवेचनाचा निष्कर्ष असा की, बहुसंख्य मृत्यू काही मोजक्या चुकांमुळे घडतात : बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोर नसणे, परतीसाठी पुरेशी हवा राखून न ठेवणे, आणि झेपणार नाही इतक्या खोलीत जाणे. पुढे यात विशेष शिक्षणाचा अभाव व दिव्यांची अपुरी संख्या यांची भर घालण्यात आली; प्रत्येकाजवळ निदान तीन दिवे असावेत असा दंडक आता सर्वत्र मानला जातो. या पद्धतीचे महत्त्व असे की, नियम प्रथम कल्पून मग ते लादलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी मृत्यू आहे.

३. दोर, हवेचा हिशेब आणि स्थाने

या नियमांपैकी तिहींचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे.

पहिला नियम दोराचा. तीन जणांचा संघ आत जात असेल, तर सर्वांत पुढचा पाणबुडा रिळावरील दोर सोडीत जातो व तो ठिकठिकाणी खडकास अडकवितो. मागचे दोघे दोराच्या लगत, तो हाताच्या टप्प्यात राहील असे पोहतात. प्रत्येकाच्या विजेरीचा झोत पुढच्यास दिसत राहावा लागतो, म्हणजे मागे वळून न पाहताही सोबती आहे हे कळते. झोत दिसेनासा झाला की पुढच्याने थांबावयाचे. परत फिरताना क्रम उलटतो. जो शेवटी होता तो पहिला होतो, आणि रीळवाला, जो आत जाताना सर्वांत पुढे होता, तो दोर गुंडाळीत सर्वांच्या मागून येतो. त्याच्या पुढे कोणीही बाहेरच्या बाजूसच असतो. कोणाच्याही हातातला दोर त्याच्या बाहेर पडण्यापूर्वी काढला जात नाही. गाळ उसळून काहीच दिसेनासे झाले, तर प्रत्येकाने अंगठा व तर्जनी यांचे कडे दोराभोवती करावयाचे आणि मागच्याने पुढच्याचा पाय अथवा दंड धरून स्पर्शाने चालावयाचे. ढकलणे म्हणजे पुढे जा, धरून ठेवणे म्हणजे थांब, अशा दोन-तीन खुणा पुरेशा होतात. अधिक खुणा ठरविल्या तर संकटसमयी त्या आठवत नाहीत.

दुसरा नियम हवेचा. संघातील प्रत्येकाने आपल्याजवळच्या हवेचे तीन सारखे भाग कल्पावयाचे : एक आत जाण्यासाठी, एक परत येण्यासाठी, एक संकटासाठी. समजा, तिघांच्या सारख्याच आकाराच्या नळकांड्यांत अनुक्रमे २१०, २१० व १८० बार दाबाची हवा आहे. येथे हिशेब सर्वांत कमी हवा असणाऱ्याचा धरावा लागतो. १८० चा तृतीयांश ६०. म्हणून तिघांपैकी कोणाचीही ६० बार हवा खर्च झाली की संपूर्ण संघ परत फिरतो. तृतीयांशच का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गुहेच्या टोकाशी असता एकाची सर्व हवा अकस्मात गेली, तर सोबत्याजवळ त्या क्षणी १२० बार शिल्लक असते. दोघांना परतीसाठी प्रत्येकी ६० म्हणजे एकूण १२० बार लागते. म्हणजे हा हिशेब जेमतेम पुरतो, आणि तोही दोघांचे श्वास शांत राहिले तर. म्हणून अनुभवी संघ तृतीयांशाहूनही आधी परत फिरतात. आपत्तीत हवा वाटून घेण्यासाठी एका मुखनळीस सुमारे दोन मीटर लांबीची रबरी नळी जोडलेली असते. हवा संपलेला पुढे आणि देणारा त्याच्या मागे, अशा रीतीने अरुंद जागेतूनही दोघे एकामागून एक निघू शकतात. संकटग्रस्तास पुढे ठेवण्याचा हेतू असा की, तो सदैव दृष्टीपुढे राहावा व घाबरून मागे पडू नये.

तिसरा नियम अधिकाराचा. संघातील कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता परत फिरण्याची खूण करू शकतो, आणि ती खूण झाल्यावर कोणीही वाद घालीत नाही. नेता अनुभवी असो वा वयाने वडील असो, नवख्याने बोट वर केले की सर्वांनी फिरावयाचे. हा नियम औदार्यापोटी आलेला नाही. ज्यास भीती वाटते त्याचा श्वास जलद चालतो, आणि त्याची हवा ही सर्वांची मर्यादा असते. म्हणून त्याची भीती हीसुद्धा हिशेबात धरावयाची एक राशी आहे.

४. थाम लुआंगचे उदाहरण

या तत्त्वांची जगाच्या डोळ्यांसमोर झालेली परीक्षा म्हणजे थायलंडच्या चिआंग राय प्रांतातील थाम लुआंग गुहेतील घटना होय. २३ जून २०१८ रोजी बारा मुले व त्यांचा फुटबॉल-शिक्षक गुहेत गेले असता मोसमी पावसाच्या लोंढ्याने परतीची वाट बंद झाली. २ जुलै रोजी रिक स्टँटन व जॉन व्होलान्थेन या ब्रिटिश पाणबुड्यांना ते तेराही जण जिवंत सापडले. गुहेतील पाणी उपसण्याच्या प्रयत्नांत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा होता : पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ भारत सरकारच्या वतीने त्या कामी साह्य करण्यास तेथे गेले होते.

८, ९ व १० जुलै या तीन दिवसांत सर्वांना बाहेर काढण्यात आले. त्या कार्याची रचना लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. मुलांना पोहता येते की नाही, यावर काहीच अवलंबून ठेवले नव्हते. डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी प्रत्येकास गुंगीचे औषध दिले, चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा चढविला, आणि एका मुलामागे एक मुख्य पाणबुडा नेमला. त्याचा एक हात मुलावर व एक हात दोरावर. वाटेतील कोरड्या दालनांत साह्यकारी पाणबुडे आधीच नेमलेल्या जागी थांबलेले होते. त्यांनी आपली जागा सोडावयाची नव्हती. प्रवेशद्वाराजवळील तिसऱ्या दालनापासून पुढे झोळीतून वाहून नेणारे निराळे होते. कोण कोठे उभा राहील, कोण कोणाची वाट पाहील आणि कोण पुढे जाणार नाही, हे सर्व आधी ठरले होते.

या घटनेतील दोन गोष्टी आपल्या विषयास फार जवळच्या आहेत. ६ जुलै रोजी थायी नौदलाचे माजी सैनिक समन कुनान हे हवेची नळकांडी आत पोचवून परतत असता पाण्यात बेशुद्ध होऊन मृत्यू पावले. बचावासाठी आत गेलेल्या मनुष्यासही संकटग्रस्ताइतकाच धोका असतो, याचे हे दुःखद प्रमाण आहे. दुसरी गोष्ट अशी की, मुले ज्या दालनात होती ते कोरडे असूनही तेथील हवेतील प्राणवायूचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांपर्यंत उतरले होते. म्हणजे धोका केवळ पाण्याचा नव्हता. कोंडलेल्या हवेचाही होता. येथूनच आपण विहिरीकडे वळू.

५. विहिरीतील हवा

शहापूर तालुक्यात तानसा व भातसा ही धरणे आहेत. तानसा जलाशय १८९२ पासून मुंबईस पाणी देत आला आहे, आणि मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा आज भातसा जलाशयातून जातो. असे असता त्याच तालुक्यातील, तसेच शेजारच्या मुरबाडमधील अनेक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात व टँकरचे पाणी त्यांत ओतावे लागते. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही असे होते, याचे कारण पुन्हा भूस्तरच. बेसाल्टात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या थरात व भेगांत; उतारावर ते लवकर वाहून जाते. त्यामुळे उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडला की गाळ काढावा, सुरुंग लावून खोली वाढवावी, ही कामे निघतात. माणूस विहिरीत उतरतो तो नेमका या दिवसांत.

दुर्दैवाने विहिरीतील हवा सर्वांत कमी हलते तीही याच दिवसांत. हिवाळ्यातील रात्री बाहेरची हवा विहिरीतील हवेहून थंड, म्हणून जड असते. ती खाली उतरते व आतील उबदार हवा वर येते. उन्हाळ्याच्या दुपारी याच्या उलट स्थिती असते. आत थंड व जड हवा, वर तप्त व हलकी हवा. झाकण ठेवल्याप्रमाणे ही रचना स्थिर राहते व विहिरीची हवा आपण होऊन बदलत नाही. तळाशी पालापाचोळा कुजत असला तर तो प्राणवायू शोषून घेतो व कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचून राहतो. शिवाय आभाळ भरून येऊन वातावरणाचा दाब उतरला, म्हणजे जमिनीच्या भेगांतील प्राणवायुहीन हवा विहिरीत झिरपते; म्हणून काल निर्धोक असलेली विहीर आज निर्धोक असेलच असे नाही.

साधारण हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की शुद्ध हरपते, आणि ६ टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांत मृत्यू येतो. येथे एक शारीरिक सत्य ध्यानात घेतले पाहिजे. गुदमरल्याची जी भावना आपणांस होते, ती प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साठल्यामुळे होते. प्राणवायू नसलेली पण बहुतांशी नत्रवायूचीच असलेली हवा श्वासात गेली, तर तो साठत नाही व कोणतीही सूचना मिळत नाही. उलट फुप्फुसात प्राणवायू नसल्याने रक्तातला प्राणवायूच बाहेर येऊ लागतो. म्हणून दम रोखून धरलेला मनुष्य मिनिटभर शुद्धीवर राहील, परंतु अशा हवेत दोन-चार श्वास घेणारा काही सेकंदांत कोसळतो. ‘जरा त्रास वाटला तर वर येईन’ ही समजूत त्यामुळे सर्वथा घातक ठरते.

शेण, मैला अथवा सांडपाणी कुजणाऱ्या विहिरीत हायड्रोजन सल्फाइड वायूची भर पडते. त्यास सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी असते खरी, परंतु प्रमाण वाढताच तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास नाहीसा झाला, हे धोका टळल्याचे नव्हे तर वाढल्याचे लक्षण असू शकते. विहिरीत उतरविलेल्या डिझेल इंजिनाच्या धुरातील व सुरुंगाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

जुन्या काळापासून विहिरीत पेटता कंदील सोडून पाहण्याची चाल आहे. ती शास्त्रास धरून आहे, पण अपुरी आहे. प्राणवायू १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते, आणि त्या प्रमाणात मनुष्य अद्याप शुद्धीवर असतो. म्हणून विझलेला कंदील ही निश्चित मनाई समजावी. परंतु जळत राहिलेला कंदील ही परवानगी नव्हे. हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड ज्योत न विझविताही प्राण घेतात, आणि कुजण्यातून निर्माण होणारा मिथेन वायू साचला असल्यास ज्योतीने स्फोट होण्याचे भय असते. म्हणून प्राणवायू व विषारी वायू मोजणारे, दोरीने तळापर्यंत सोडता येणारे लहान यंत्र हेच खरे साधन होय. झाडाच्या फांद्यांची मोळी वरखाली करून हवा हलविण्याची पद्धतही उपयोगी असली तरी, हवा किती बदलली हे तिने कळत नाही.

याऐवजी तळापर्यंत नळी सोडून पंख्याने ताजी हवा ढकलल्यास हिशेब करता येतो. ५ मीटर व्यासाच्या व १० मीटर खोलीच्या विहिरीत सुमारे १९६ घनमीटर हवा मावते. मिनिटास १० घनमीटर हवा देणारा पंखा एवढी हवा सुमारे २० मिनिटांत लोटतो. परंतु नवी हवा जुनीत मिसळत जात असल्याने एका भरण्यानंतरही जुन्या हवेचा ३७ टक्के भाग शिल्लक राहतो. तीन भरण्यांनंतर ५ टक्के, पाच भरण्यांनंतर एका टक्क्याहून कमी. म्हणजे या विहिरीस निदान १०० मिनिटे पंखा चालू ठेवला पाहिजे, आणि माणूस आत असेपर्यंत तो बंद करता कामा नये.

६. एकामागून एक

विहिरीच्या अपघातांत वारंवार दिसणारा प्रकार असा की, मरण पावलेल्यांत पहिल्याने उतरलेला एकच असतो. बाकीचे त्याला काढण्यासाठी उतरलेले असतात. १ नोव्हेंबर २०१८ रोजी आपल्याच जिल्ह्यात, कल्याण पूर्व भागात, विहीर साफ करण्यासाठी उतरलेला मनुष्य वर आला नाही, आणि त्याच्यामागून उतरलेलेही आले नाहीत. मृतांची संख्या पाच झाली. त्यांत बचावासाठी उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवान होते. एप्रिल २०२४ मध्ये तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी येथे, बायोगॅससाठी वापरात असलेल्या एका पडीक विहिरीत पडलेले मांजर काढण्यासाठी एक जण उतरला व त्याच्यामागून इतर उतरले. पाच जण मृत्यू पावले. सहावा मात्र जिवंत निघाला. त्याच्या कमरेस दोर बांधलेला होता.

या एका वाक्यात प्रस्तुत लेखाचे सार आहे. सहावा मनुष्य पहिल्या पाचांहून अधिक बलवान किंवा अधिक सावध होता असे समजण्याचे कारण नाही. त्याने तीच हवा घेतली. भेद इतकाच की, त्यास बाहेर काढण्यासाठी कोणास आत जावे लागले नाही. दोर आधी बांधलेला असला तर बचावकार्य काठावरून होते. तो नसला तर बेशुद्ध माणसास दोर बांधण्यासाठी दुसऱ्यास उतरावे लागते, आणि तो दुसराही त्याच हवेत जातो. पाणबुड्यांचा अखंड दोराचा नियम आणि विहिरीचा हा नियम वस्तुतः एकच आहे.

कारखान्यांच्या बाबतीत हे तत्त्व आपल्या कायद्याने फार पूर्वी ओळखले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमात असे सांगितले होते की, घातक वायू असण्याचा संभव असलेल्या बंदिस्त जागेत, ती निर्धोक असल्याचे जाणकाराने लेखी प्रमाणित केल्यावाचून, अथवा श्वसनसाधन घालून व दोर जोडलेला पट्टा बांधून त्या दोराचे मोकळे टोक बाहेरील मनुष्याच्या हाती दिल्यावाचून, कोणीही शिरू नये. गावच्या विहिरीस मात्र कारखान्याचा निरीक्षक नसतो.

७. काठावरील संघरचना

वरील विवेचनावरून विहिरीच्या कामासाठी किमान चार जणांचा संघ व प्रत्येकाचे निश्चित स्थान पुढीलप्रमाणे सुचविता येईल.

पहिला, उतरणारा. एका वेळी एकच. दोर केवळ कमरेस न बांधता छाती व मांड्या यांभोवती येणारा पट्टा असावा, म्हणजे बेशुद्ध देह वाकून अडकणार नाही. दोर उतरण्यापूर्वी बांधावयाचा आणि वर येऊन काठापासून दूर जाईपर्यंत सोडावयाचा नाही. काम करताना अडचण होते, ही सबब मान्य करू नये.

दुसरा, दोरधारी. त्याच्या हाती फक्त दोर. घमेली ओढणे, पंप पाहणे, बोलत बसणे ही कामे त्याची नव्हेत. दोर त्याच्या हातातून थेट जाऊ न देता भक्कम खांबास किंवा यारीस एक वेढा देऊन घ्यावा.

तिसरा, ओढणारा. साठ किलो वजनाचा निश्चेष्ट मनुष्य सरळ हातांनी वर ओढणे एकट्यास दुष्कर असते. म्हणून कप्पी आधीच बसवून, भरलेल्या पोत्याने तिची परीक्षा करून ठेवावी. अपघात झाल्यावर कप्पी शोधण्यात जी मिनिटे जातात तीच प्राणाची असतात.

चौथा, नायक. तो काठावर घड्याळ घेऊन उभा राहतो व दर मिनिटास हाक देतो. उत्तर न आल्यास दुसरी हाक द्यावयाची नाही, ओढावयाचे. माणूस विनाकारण वर आला तर काही बिघडत नाही. नायकाने स्वतः कोणत्याही परिस्थितीत उतरता कामा नये, आणि काठावर धावून येणाऱ्या इतरांस रोखणे हेही त्याचेच काम आहे. हे सर्वांत कठीण होय. आत भाऊ किंवा मुलगा कोसळलेला दिसत असता थांबा म्हणणे निष्ठुरपणाचे वाटते. परंतु थाम लुआंगच्या दालनांत आपापल्या जागी थांबलेल्या साह्यकांप्रमाणेच, जागा न सोडणे हीच येथे मदत असते. शक्यतो उतरणाऱ्याच्या निकटच्या आप्तास दोरधारी किंवा नायक नेमू नये, असे या कारणास्तव सुचवावेसे वाटते.

हवेच्या हिशेबाचा नियम येथे निराळ्या रूपाने लागू होतो. पाणबुडा आपली हवा मोजून बरोबर नेतो. विहिरीत उतरणारा मात्र तेथे हवा असेल असे गृहीत धरतो. म्हणून मोजमाप उतरण्यापूर्वी, तळापर्यंत, आणि प्रत्येक विश्रांतीनंतर नव्याने झाले पाहिजे. जेवणासाठी तासभर काम थांबले व पंखा बंद राहिला, तर ती विहीर पुन्हा अपरिचित समजावी. सुरुंग उडविल्यानंतर धूर दिसेनासा झाला म्हणून उतरू नये. न दिसणारा वायू नंतरही राहतो. डिझेल इंजिन विहिरीत उतरविणे सर्वथा वर्ज्य करावे.

राहता राहिला अधिकाराचा नियम. या भागात विहिरीत उतरणारा बहुधा रोजंदारीवरील मजूर असतो, पुष्कळदा आदिवासी असतो, आणि काठावर उभा असलेला विहिरीचा मालक किंवा ठेकेदार असतो. ‘आज वास येतो आहे, मी उतरत नाही’ असे म्हणण्याची किंमत त्यास त्या दिवसाच्या मजुरीने द्यावी लागत असेल, तर वरील सर्व नियम कागदावरच राहतील. पाणबुड्यांच्या संघात भिणाऱ्याचा शब्द अंतिम असतो, कारण त्याची हवा ही सर्वांची मर्यादा असते. विहिरीत तर हवा घेणारा तो एकटाच असतो. म्हणून नाही म्हणण्याचा हक्क त्याचा, आणि नाही म्हटल्यावरही त्या दिवसाची मजुरी त्याची, असे आधी ठरवून घेणे हा या रचनेचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

८. उपसंहार

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९६ साली कोळशाच्या खाणींतील स्फोटांनंतरच्या मृत्यूंचा अभ्यास करून असे दाखविले की, बहुसंख्य खाणकामगार स्फोटाने नव्हे तर नंतरच्या विषारी हवेने मृत्यू पावले होते. त्यांनीच १९०८ साली पाणबुड्यांनी किती वेळ घेत, किती टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. खाणीतील कामगार व समुद्रातील पाणबुडा हे त्यांच्या दृष्टीने एकाच प्रश्नाचे दोन भाग होते : श्वास घेण्यास अयोग्य अशा जागी गेलेला मनुष्य सुखरूप परत कसा येईल. शहापूर-मुरबाडच्या विहिरीत उतरणारा मजूर हा त्याच प्रश्नाचा तिसरा भाग आहे.

वर सांगितलेल्या रचनेस लागणारी साधने मोजकी आहेत : एक पट्टा, एक चांगला दोर, एक कप्पी, एक पंखा व एक वायुमापक यंत्र. प्रत्येक शेतकऱ्यास ती घेणे परवडणार नाही. परंतु ग्रामपंचायतीस किंवा चार गावांच्या गटास ती एकत्र ठेवता येतील, आणि वैशाखात विहिरींची कामे निघण्यापूर्वी एखाद्या विहिरीवर पोते सोडून व ओढून त्यांचा सराव करता येईल. साधने मिळेपर्यंतही दोन गोष्टींना पैसा लागत नाही. दोर बांधल्यावाचून कोणी उतरू नये, आणि आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे कोणी उतरू नये.